रेघ कुणाची, चेहरा कुणाचा

साधेपणा हा शब्द मराठी समीक्षेच्या बाजारात दोन भावांनी विकला जातो. आपल्या कवितेला ‘साधी, सरळ, रांगडी’ म्हणतात तेव्हा पाठीवर थाप मारून दाराबाहेर उभं करायचं असतं. आणि एखाद्या नामांकित चित्रकाराच्या चार रेघांपुढं हेच लोक मान डोलवून ‘काय साधेपणा आहे!’ म्हणतात तेव्हा तीच सर्वात वरची पदवी असते. शब्द एकच, भाव दोन. म्हणून मित्रहो, हा साधेपणा एकदा आपणच हातात घेऊन बघू. कवितेत बघायला गेलं की वाद फार होतात. मी तो शाईपेनानं काढलेल्या माणसाच्या चेहऱ्यात बघणार आहे, कारण तिथं लपवायला जागा नाही. रंग नाही, सोनेरी चौकट नाही. पांढरा कागद, काळी रेघ आणि समोर बसलेला माणूस, एवढाच कारभार.

आधी हत्याराबद्दल. मी सूतगिरणीत काम करतो, हत्यार समजल्याशिवाय मालाबद्दल बोलू नये हे तिथंच शिकलो. पेन्सिलीची रेघ खोडता येते. कोळशाची बोटानं पुसून मऊ करता येते. तैलरंग तर खरवडून पुन्हा लावता येतो. शाईची रेघ एकदा ओढली की ओढली. निब कागदावर टेकवून विचार करत बसलात तर तिथं डाग पडतो, म्हणजे तुमचा संशयसुद्धा कागदावर छापला जातो. त्यामुळं शाईच्या चित्रात रेघ कमी असणं ही नुसती आवड नसते. प्रत्येक रेघेची जबाबदारी घ्यावी लागते, म्हणून माणूस विनाकारण रेघ ओढत नाही. रिंगखात्यात धागा तुटला की मुरलेला कामगार एका वळशात सांधतो, नवखा चारदा पीळ देतो आणि सुतात गाठ ठेवतो. गाठ पुढं कापडात दिसतेच.

पण इथं एक घोटाळा होतो, तो आधी मिटवू. साधेपणा म्हणजे रेघांची मोजदाद नव्हे. व्हॅन गॉगनं १८८८ साली फ्रान्सच्या दक्षिणेला आर्ल गावात बोरूनं चेहरे काढले. बोरू म्हणजे आपल्याकडं कित्ते गिरवायला वापरायचे तोच, वेताच्या कांडीचा. त्यानं पोस्टात काम करणारा रूलँ काढला, पेशन्स एस्कालिए नावाचा म्हातारा शेतकरी काढला. ही चित्रं रेघांनी, फराट्यांनी, ठिपक्यांनी गच्च भरलेली आहेत. तरीसुद्धा ती साधी आहेत. कारण त्यातला फराटा दाढीला आला तर दाढी वाढते त्या दिशेनंच जातो आणि टोपीला आला तर टोपीच्या विणीप्रमाणं जातो. फुकटची रेघ नाही. उलट चार रेघांत काढलेलं एखादं चित्र लबाड असू शकतं. दिवाळी अंकात पदर, कुंकू, अर्धा मिटलेला डोळा एवढ्यात ‘ग्रामीण स्त्री’ उरकलेली असते ना, तसं. ते साधं नाही, ते आळशी आहे. त्या बाईला नाव नाही, वय नाही, ती कालपासून जेवली की नाही ते चित्रकाराला माहीत नाही आणि विचारायचंही नाही.

तेव्हा पहिली कसोटी अशी धरू: जे वगळलं ते बघून वगळलं, की न बघताच?

आता एक चित्र बघू. जुनं आहे, साडेतीनशे वर्षांपूर्वीचं, आणि परमुलखातलं. पण त्यातली पोरगी आपल्याला अनोळखी नाही.

१६६४ साल, हॉलंडमधलं ऍम्स्टरडॅम. त्या काळी जगातल्या श्रीमंत शहरांपैकी एक. डेन्मार्कच्या जटलंड भागातून एल्शे ख्रिस्तियान्स नावाची अठरा वर्षांची पोरगी तिथं मोलकरणीचं काम शोधायला आली. भाड्यानं राहिली. काम मिळालं नाही, भाडं तुंबलं. घरमालकीण भाड्यासाठी अंगावर आली, झाडूनं मारलं. पोरीच्या हाताला कुऱ्हाड लागली. मालकीण मेली. मे महिन्यात भर चौकात पोरीला गळा आवळून मारलं, त्याच कुऱ्हाडीचे घाव तिच्या डोक्यावर घातले आणि प्रेत पाण्यापलीकडच्या फोल्वेक नावाच्या जागी खांबाला बांधून टांगलं. डोक्यापाशी ती कुऱ्हाडही टांगली. शहरात येणाऱ्या प्रत्येकानं बघावं आणि धाक घ्यावा म्हणून. गावकुसाबाहेर काय काय टांगून ठेवतात हे आपल्याला कुणी शिकवायला नको.

रेम्ब्रां त्या वेळी सत्तावन्न वर्षांचा होता. कधीकाळी श्रीमंतांची तैलचित्रं काढून भरपूर कमावलेला, १६५६ साली दिवाळं निघालेला. तो तिथं गेला आणि शाईनं त्या पोरीची दोन चित्रं काढली. एक समोरून, एक बाजूनं. तळहाताएवढे कागद. आज दोन्ही न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये आहेत, आणि छापील पुस्तकात कुणालाही बघता येतात.

ह्या चित्रात काय आहे? खांब आहे. अंगाला जिथं जिथं दोर बांधलाय तिथं कापडाला पडलेल्या घड्या आहेत. घागरा खाली बांधलेला आहे. हात सैल लोंबताहेत. कुऱ्हाड आहे. आणि चेहरा आहे. डोळे मिटलेले, बोटभरसुद्धा नसलेला चेहरा, चारदोन बारीक रेघांत. बस. मागं आभाळ नाही, कावळे नाहीत, बघ्यांची गर्दी नाही, शहर नाही. तिथं इतर प्रेतंही टांगलेली असायची, ती ह्यात नाहीत. त्याच सुमारास अँथनी व्हान बोर्सोम नावाच्या दुसऱ्या चित्रकारानं ती सगळी जागा लांबून काढली. त्यात वधस्तंभांची रांग दिसते आणि ही पोरगी त्यातली एक टांगलेली आकृती होऊन जाते. ते चित्र खोटं नाही. सरकारला जे दाखवायचं होतं ते त्यात नीट दिसतं. रेम्ब्रांनं सरकारचं दाखवणं बाजूला सारलं आणि पोरगी ठेवली.

मला ह्यातलं सगळ्यात मोठं वाटतं ते हे की त्यानं तिला भयंकर केलं नाही आणि सुंदरही केलं नाही. जीभ बाहेर काढून दाखवली असती तर बघणारा शहारला असता आणि घरी जाऊन जेवला असता. देवीसारखी उजळ केली असती तर बघणाऱ्यानं हात जोडले असते आणि पुन्हा घरी जाऊन जेवलाच असता. त्यानं दोन्ही सुटका बंद केल्या. उरली एक गरीब पोरगी, जिच्या अंगाला वजन आहे आणि ते वजन दोरावर पडलेलं आहे. दोराजवळची कापडाची घडी त्यानं जोर देऊन काढली आहे आणि चेहऱ्यावर पेन हलकं फिरवलं आहे. जिथं जुलूम झाला तिथं रेघ जड, जिथं माणूस आहे तिथं रेघ हळू. हे ज्याला जमलं त्याला साधेपणा जमला असं मी म्हणेन.

आणि आणखी एक गोष्ट. ह्या पोरीचं नाव तीनशे वर्षं कुणाला ठाऊक नव्हतं. चित्र प्रसिद्ध होतं, पोरगी बेनाम होती. १९६९ साली इसाबेला व्हान एगेन ह्या संशोधक बाईंनी ऍम्स्टरडॅमचं जुनं दप्तर चाळून तिचं नाव, वय, गुन्हा सगळं शोधून काढलं. रेम्ब्रांची रेघ इतकी खरी होती की तीनशे वर्षांनी कुणाला तरी वाटलं, ही कोण होती ते बघितलं पाहिजे. पण चित्राखाली नाव त्यानं लिहिलं नव्हतं. नाव पोलिसी दप्तरात होतं, चेहरा चित्रात होता, आणि दोघांची गाठ पडायला तीन शतकं लागली.

ही गाठ ज्यानं आपल्या हयातीतच घातली तो माणूस आपल्या देशातला. चित्तप्रसाद. जन्म १९१५, बंगालमधलं नैहाटी. मूळ आडनाव भट्टाचार्य. ते त्यानं जातिव्यवस्थेच्या निषेधात टाकून दिलं आणि नुसता चित्तप्रसाद म्हणून राहिला. चित्रकलेच्या शाळेचा शिक्का त्याच्यावर नव्हता, तो स्वतःच शिकला. कम्युनिस्ट पक्षाचं काम करत होता, पक्षाच्या पत्रांत चित्रं काढत होता.

१९४३ साली बंगालात दुष्काळ पडला असं पुस्तकात असतं. पडला नव्हता, पाडला होता. महायुद्ध चालू होतं. जपानी येतील म्हणून सरकारनं किनाऱ्यावरच्या होड्या काढून घेतल्या, भाताचे भाव आभाळाला गेले, साठेबाजांनी माल दाबला. मेदिनीपूर जिल्ह्याला तर ऑक्टोबर १९४२ मध्येच वादळानं झोडपलं होतं. सरकारी चौकशी समितीनं मृतांचा आकडा १५ लाख धरला, पुढच्या अभ्यासकांनी तो ३० लाखांपर्यंत नेला. अमर्त्य सेन यांनी १९८१ च्या ग्रंथात मांडून दाखवलं की सगळ्यात जास्त मार बसला तो भूमिहीन शेतमजुरांना आणि मासेमारी करणाऱ्यांना. म्हणजे कोण ते तुम्हाला सांगायला नको.

नोव्हेंबर १९४३ मध्ये चित्तप्रसाद मेदिनीपुरात पायी हिंडला. भेटतील त्या माणसांजवळ थांबायचा, चित्र काढायचा, नुसतं चित्र नाही तर कितीतरी चित्रांवर नाव, गाव, धंदा टिपायचा. ह्या प्रवासाचं ‘हंग्री बेंगॉल’ नावाचं छोटं पुस्तक मुंबईत छापलं गेलं. लेखनही त्याचंच आणि चित्रंही त्याचीच. सरकारनं जवळजवळ सगळ्याच्या सगळ्या ५००० प्रती जप्त करून नष्ट केल्या. एक प्रत त्याच्या घरच्यांनी सांभाळली म्हणून राहिली आणि तिच्यावरून २०११ साली दिल्लीच्या एका कलादालनानं पुस्तक जसंच्या तसं पुन्हा छापलं. चारदोन शाईच्या रेघांना साम्राज्य एवढं भ्यालं. तोफा घेऊन जपानशी लढणारं सरकार, आणि हाडकुळ्या म्हाताऱ्याच्या चित्रानं त्याची झोप उडाली!

का भ्यालं? फोटो तर दुसरेही छापत होते. मला वाटतं, नावामुळं भ्यालं. ‘दुष्काळग्रस्त’ हा शब्द सरकारला चालतो. त्यात हजारो बसतात आणि कुणीच दिसत नाही. पण अमक्या गावचा अमका, धंदा मासेमारीचा, होडी गेली, बायको गेली, असं एका चेहऱ्याखाली आलं की तो पुरावा होतो. झैनुल आबेदिन ह्या थोर चित्रकारानं त्याच वर्षी कलकत्त्याच्या रस्त्यावर मरणारी माणसं साध्या पॅकिंगच्या कागदावर काळ्या शाईनं आणि कुंचल्यानं काढली. फार जबर चित्रं आहेत. कुंचल्याच्या एका जाड फटक्यात बरगड्यांचा पिंजरा, मांडीचं हाड, उकिरड्यावरचा कावळा. ती बघताना भूक दिसते. चित्तप्रसाद बघताना भुकेला माणूस दिसतो. दोन्ही लागतात, पण दोन्ही एक नव्हेत.

छपाईचं गणितही ह्यात आहे, आणि ते आपल्यासारख्यांनी समजून घ्यावं. पक्षाच्या गरीब पत्राला करड्या छटांचा ब्लॉक परवडायचा नाही. काळ्या-पांढऱ्या रेघेचा ब्लॉक स्वस्त आणि हलक्या कागदावरही स्पष्ट उठतो. म्हणजे ज्याला कलासमीक्षक ‘रेषेची काटकसर’ म्हणतात ती अर्धी खिशातली काटकसर होती. मला ह्यात कमीपणा वाटत नाही. अडचणीतून शिस्त येते. आपला हा अंकही स्टेन्सिलवर निघतो. स्टेन्सिलवर काळा भरीव भाग केला तर कागद फाटतो नाहीतर शाई ओघळते. रेघच चालते, आणि तीही नेमकी. आपल्या यंत्राला लबाडी छापता येत नाही म्हणा ना! गुळगुळीत कागदवाल्यांना ही सोय नाही.

चित्तप्रसादबद्दल एवढं प्रेमानं लिहिल्यावर एक प्रश्न विचारलाच पाहिजे. त्यानं आडनाव टाकलं, चांगलं केलं. पण वरच्या जातीच्या माणसानं आडनाव टाकलं की तो त्याग होतो. आपल्या माणसानं टाकलं की त्याला लपवाछपवी म्हणतात, आणि ठेवलं तर खोली मिळत नाही. त्याच्या पक्षाच्या पत्रात जमीनदार आहे, साठेबाज आहे, साम्राज्य आहे. त्या भुकेल्या रांगेत पाणी कोण आधी पितं आणि प्रेत कोण उचलतं, हा प्रश्न पक्षानं ऐरणीवर घेतला नाही. चित्तप्रसादची रेघ मात्र पक्षाच्या पुढं गेली, कारण तिनं माणसाला ‘जनता’ होऊ दिलं नाही. समीक्षा करायची तर रेघेची वेगळी आणि पत्रकाची वेगळी करावी. पुढं तो पक्षाच्या कामातून बाजूला झाला, मुंबईत अंधेरीला राहिला, मुलांसाठी लिनोकट काढले, कळसूत्री बाहुल्यांचे खेळ केले आणि १९७८ साली गेला. पैसा कधी जोडला नाही.

आता घरचं बघू. साधी रेघ नेहमी गरिबाच्या बाजूनं असते असं कुणी समजू नये. वर्तमानपत्राचं व्यंगचित्र घ्या. तेही शाईपेनाचं, तेही थोड्या रेघांचं. उन्नमती स्याम सुंदर ह्या व्यंगचित्रकार संशोधकानं १९३२ ते १९५६ ह्या काळातली इंग्रजी वर्तमानपत्रांतली बाबासाहेबांवरची शंभरावर व्यंगचित्रं गोळा केली. २०१९ साली त्यांचं पुस्तक निघालं. ते प्रत्येक शाखेत असलं पाहिजे. त्यात पानोपानी दिसतं की चांगल्या धिप्पाड माणसाला ह्या मंडळींनी बुटकं केलंय, पोर केलंय, कधी बाईच्या वेशात उभं केलंय. गांधी, नेहरू मोठे आणि बाबासाहेब त्यांच्या गुडघ्याएवढे. काढणारे कसलेले लोक. रेघ सुंदर, वळणदार. आणि त्याच वळणात जात बसलेली.

शंकर यांचं १९४९ चं चित्र तर सगळ्यांना माहीत आहे. गोगलगाय म्हणजे संविधान, वर बाबासाहेब, मागं आसूड उगारलेले नेहरू, भोवती बघे. २००६ साली ते अकरावीच्या पाठ्यपुस्तकात गेलं आणि मे २०१२ मध्ये संसदेत गदारोळ झाला. तेव्हा आपल्यावर आरोप झाला की ह्यांना विनोद कळत नाही. मी म्हणतो, विनोद कळतो, रेघही कळते. दोन वर्षं अकरा महिने चाललेल्या कामाला गोगलगाय म्हणायला एक रेघ पुरली. आजारपणात, रात्र रात्र जागून कलम न् कलम लिहिणारा माणूस त्या रेघेनं वगळला. पहिली कसोटी इथं लावा: जे वगळलं ते बघून वगळलं की न बघता? इथं मी दुसरी कसोटी जोडतो: वगळल्यानं सोय कुणाची झाली? रेम्ब्रांनं शहर वगळलं, सोय पोरीची झाली. शंकर यांनी काम वगळलं, सोय बघ्यांची झाली.

ह्या चित्राला उत्तर काय? त्या वेळी पुण्यात एका प्राध्यापकाच्या कार्यालयाची मोडतोड झाली. राग मला समजतो. पण मोडलेल्या टेबलानं एकही रेघ खोडली गेली नाही, शाईची रेघ खोडता येतच नाही. तिला उत्तर दुसऱ्या रेघेनं द्यावं लागतं. स्याम सुंदरांनी पुस्तकानं दिलं. आपण कशानं देणार?

आपल्याकडं बाबासाहेबांची रेघ आहे, पण ती कुठवर आली बघा. गोल चष्मा, रुंद कपाळ, मागं नेलेले केस, कोट, टाय, खिशाला पेन. रिक्षाच्या मागं, बॅनरवर, स्टिकरवर. आता तर नुसता चष्मा आणि केसांची कड काढली तरी पुरतं. एवढ्या थोड्या खुणांवर एक माणूस कोट्यवधींना ओळखू येतो, ही लोकांच्या प्रेमाची ताकद आहे, तिला मी हसणार नाही. ज्यांची सावली चालत नव्हती त्यांनी एक चेहरा देशभर भिंतीवर चढवला. तरीपण शिक्का आणि चेहरा ह्यांत फरक असतो. शिक्का ओळख देतो आणि पुढं बघायला लावत नाही. महाडच्या तळ्यावरचे पस्तीस वर्षांचे बाबासाहेब आणि १९५६ च्या दीक्षाभूमीवरचे थकलेले बाबासाहेब, दोघांच्या गालांत, डोळ्यांखाली, खांद्यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. आपल्या रेघेत तो कुठं आहे? निवडणुकीच्या बॅनरवर जो चेहरा कुणाही पुढाऱ्याशेजारी बसवता येतो, तो फार साधा झाला असं समजावं, आणि वाईट अर्थानं.

आपल्या अंकांच्या मुखपृष्ठांचंही तेच. तुटलेली साखळी, आवळलेली मूठ, उगवता सूर्य. किती वर्षं? मूठ कुणाची आहे ते तरी दिसू द्या. त्या मुठीला भेगा चुन्याच्या आहेत, चामड्याच्या आहेत की ऍसिडच्या?

२०१३ साली हातानं मैला साफ करायला लावण्याविरुद्ध नवा कायदा झाला. त्यानंतरही गटारात उतरून माणसं मेली, आणि बातमी येते ती ‘गटारात गुदमरून दोन कामगारांचा मृत्यू’. दोन. आकडा आहे, चेहरा नाही. फोटो असला तर तो बाहेर ओढलेल्या प्रेताचा, जो कुणी दोनदा बघत नाही. इथं शाईच्या साध्या चेहऱ्याचं काम आहे. घरी जाऊन, बायकोला-आईला विचारून, तिच्याकडच्या फोटोवरून काढा. नाक जसं होतं तसं काढा. दुःखी करू नका, हुतात्म्याचं तेजोवलय लावू नका. खाली नाव लिहा, गाव लिहा, वय लिहा, काम लिहा. आणि जिवंत माणसांनाही काढा, मेल्यावरच चेहरा मिळतो असं होऊ नये. घरवाल्यांची ‘हो’ असेल तरच छापा. आपला चेहरा आजवर लोकांनी न विचारताच वापरला, आपण तरी तसं करू नये.

म्हणजे तिसरी कसोटी: ज्याचा चेहरा आहे त्यानं चित्र बघून ‘हा मीच’ म्हटलं का? कलादालनातल्या समीक्षकानं काय म्हटलं ते नंतर विचारू.

हात वळणदार नसेल तर घाबरू नका. बोरू शतकानुशतकं ज्यांच्या हातात होता त्यांच्या अक्षराला वळण असणारच. आपलं अक्षर उशिरा सुरू झालं, पण समोरच्या माणसाकडं डोळा रोखून बघण्याची सवय आपल्याला जुनी आहे. मालकाच्या कपाळावरची आठी वाचल्याशिवाय आपल्या आज्या-आयांचा दिवस गेला नाही. तोच डोळा आता आपल्या माणसांवर लावायचा. आधी पंधरा मिनिटं नुसतं बघा, मग निब टेकवा. रेघ थरथरली तर थरथरू द्या, खोटी सरळ करू नका.

पुढच्या अंकात मुखपृष्ठावर मूठ आणि साखळी नको, अशी संपादकांना माझी विनंती आहे. तिथं एक चेहरा असावा, आपल्याच वस्तीतला, आणि त्याखाली त्याचं पूर्ण नाव, आडनावासकट.

जय भीम.